रेंज गेली की मॅप का फसवतो? सातपुड्यात गाडी नेताना या चुका टाळा

शहाद्याहून निघालं, म्हसावद मागे पडलं, राणीपूर ओलांडून तोरणमाळचा घाट लागला की रेंजच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. धडगाव-मोलगीच्या आतल्या पाड्यांकडे वळलात तर त्याही आधी. स्क्रीनवर निळा ठिपका दिसत राहतो, पण त्याच्याखालचा नकाशा राखाडी होतो. मग गाडीतलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "रेंज नाही ना, जीपीएस बंद पडलं."

जीपीएस बंद पडलेलं नसतं. बहुतेक गोंधळ या गैरसमजातूनच सुरू होतो, म्हणून आधी तेच पाहू.

"नेट नाही म्हणजे जीपीएस नाही"

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. त्यामुळे टॉवर असो वा नसो, आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. नेटचा उपयोग मुख्यतः दोन गोष्टींना: नकाशाचं चित्र आणायला, आणि कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती पटकन मिळवायला.

ही दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नेट असेल तर फोन काही सेकंदांत जागा पकडतो. नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि ती येते सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या चालीने. एका उपग्रहाची कक्षेची माहिती यायला साधारण ३० सेकंद लागतात. मधेच सागाचं झाड, कडा किंवा वळण आडवं आलं की ती तुटते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला तर साडेबारा मिनिटं.

याचा अर्थ, दरीत गेल्यावर ठिपका अडकला म्हणून फोन बंद-चालू करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. जे थोडंफार हातात होतं तेही जाऊ शकतं. गाडी मोकळ्या आभाळाखाली आणा, फोन काचेजवळ ठेवा आणि तीन-चार मिनिटं जागचं हलू नका. त्याहून बरं म्हणजे रेंज असतानाच, शहादा किंवा तळोदा सोडण्याआधी, मॅप उघडून ठिपका स्थिर होऊ द्या. पुढच्या काही तासांची शिदोरी फोनकडे जमा होते.

काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल आणखी कमजोर होतो. हात बाहेर काढून फोन धरल्यावर ठिपका सुधारला, तर दोष काचेचा.

ऑफलाइन नकाशा घेतला, पण अर्धाच

गुगल मॅपवर चौकट ओढून भाग डाउनलोड करताना माणूस जायचं ठिकाण बघतो, वाट बघत नाही. मुक्काम चौकटीत असतो, पण रस्ता मधेच चौकटीबाहेर जातो आणि ऑफलाइन मार्ग निघतच नाही. सातपुड्यात हे हमखास होतं, कारण इथले रस्ते राज्याची हद्द पाळत नाहीत. शहाद्याकडून वर जाताना खेतिया-पानसेमल मध्य प्रदेशात, शिरपूरहून पळासनेर सोडलं की सेंधवा, आणि अक्कलकुव्याच्या पलीकडे सागबारा-डेडियापाडा गुजरातेत. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारख्या ॲपमध्ये नकाशे प्रदेशवार उतरवावे लागतात. फक्त महाराष्ट्र घेतला तर हद्दीवर नकाशा संपतो. नंदुरबार जिल्ह्यात जायचं असेल तर तिन्ही राज्यांचे तुकडे घ्या.

गुगलच्या ऑफलाइन नकाशात उपग्रहचित्र येत नाही, पर्यायी रस्ते दिसत नाहीत, रस्ता बंद असल्याची ताजी खबरही मिळत नाही. शिवाय त्याला मुदत असते, ती ॲपमध्येच लिहिलेली असते. मागच्या वर्षी उतरवलेला नकाशा अजून असेलच असं धरून चालू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे. घरी बसूनच फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा. आता जायच्या गावाचं नाव शोधा, मार्ग काढा, आणि बोटाने पूर्ण रस्ता झूम करत शेवटपर्यंत जा. जिथे चित्र धूसर झालं तिथे तुमचा नकाशा संपला. गाडीच्या मोठ्या स्क्रीनलाही हीच परीक्षा. काही गाड्यांत नकाशा गाडीच्या आतच साठवलेला असतो, काहींत तो नेटवरून येतो, आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर स्क्रीन फक्त आरसा आहे, नकाशा फोनचाच. शोरूममध्ये "इनबिल्ट नेव्हिगेशन" असं सांगितलं तरी यांतलं कोणतं ते एकदा हॉटस्पॉट बंद करून बघाच.

माझं मत विचाराल तर शहाद्यापर्यंत गुगल, आणि डांबरी सुटली की ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारखं एखादं ॲप. त्यात गाडवाटा, पायवाटा तुटक रेषांनी वेगळ्या दिसतात. मात्र ती तुटक रेष कुणा स्वयंसेवकाने काढलेली असते. ती रुंदी सांगत नाही.

लोकेशनची लिंक

"लोकेशन टाकलंय व्हॉट्सॲपवर" या वाक्यावर फार विसंबू नका. मॅपची ती छोटी लिंक उघडायला नेट लागतं, लिंकमध्ये आकडे दिसतही नाहीत. रेंज असतानाच ती उघडा, अक्षांश-रेखांश कॉपी करा, ऑफलाइन ॲपमध्ये खूण म्हणून जतन करा आणि कागदावरही लिहून ठेवा. दोन गाड्या असतील तर खुणांची फाइल ब्लूटूथने एकमेकांना देता येते.

आकडे लिहिताना पद्धत एकच ठेवा. एकाने सांगितलं २१.३०, दुसऱ्याने समजून घेतलं २१ अंश ३० मिनिटं. दुसरं म्हणजे खरं तर २१.५०. फरक ०.२ अंशाचा, जमिनीवर सुमारे २२ किलोमीटर. शिरपूरच्या बाजूला एवढ्या फरकात तापीकाठचा माणूस सातपुड्याच्या पायथ्याला पोहोचतो.

गावांच्या नावांचंही तसंच. सावखेडा बुद्रुक, सावखेडा खुर्द, सावखेडा सिम. शहादा तालुक्यात मोहिदे तर्फे हवेली आणि मोहिदे तर्फे शहादा. ॲप यातलं जे आधी सापडेल ते दाखवतं. आणि डोंगरात तर "गाव" हा शब्दच फसवा आहे. एका गावाचे पाडे तीन टेकड्यांवर पसरलेले असतात आणि नकाशातला टिंब त्यातल्या कुठल्यातरी एकावर असतो. पाड्याचं नाव विचारून घ्या.

नकाशात रेष आहे म्हणजे रस्ता आहे

इथे सगळ्यात जास्त गाड्या अडकतात.

नकाशातल्या बऱ्याच कच्च्या वाटा उपग्रहचित्र पाहून काढलेल्या असतात. ढग नसलेलं चित्र निवडायचं म्हटल्यावर ते बहुतेक कोरड्या दिवसांतलं. त्यात नाल्याचं पांढरं वाळूचं पात्र रस्त्यासारखं दिसतं, कापणी झालेल्या शेतातली ट्रॅक्टरची चाकोरी पाणंदीसारखी दिसते. जूनमध्ये तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा नाल्याला पाणी असतं आणि चाकोरीवर कपाशी.

काळ्या मातीचं वेगळंच. तापीच्या पट्ट्यात, शिंदखेडा-शिरपूर-चोपड्याच्या शिवारात, उन्हाळ्यात ज्या शिवरस्त्यावर धुरळा उडतो, तिथे एका सरीनंतर चाकांना माती गुंडाळून बसते. टायरची खाच भरली की चारही चाकं ओढणारी गाडीसुद्धा आडवी सरकते. नकाशाच्या लेखी दोन्ही दिवशी तो रस्ता एकच, वेळही तीच. पाऊस पडून गेला असेल तर शॉर्टकट दाखवणारी रेष विसरा आणि लांबचा, मुरमाचा किंवा डांबरी रस्ता धरा. फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर पलीकडचा काठ कितीही जवळ दिसो, थांबा. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड येते, तीही ऑफलाइन नकाशात दिसत नाही.

नर्मदाकाठचा प्रकार आणखी वेगळा. सरदार सरोवर धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले. पूर्ण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत चढतं. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं या बुडितात आली. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत खाली नदीकडे उतरणाऱ्या जुन्या वाटा काही नकाशांवर अजून दिसतात आणि पाण्यात जाऊन संपतात. पुढे लोक बोटीने जातात. अशा वाटेवर उतार अरुंद असेल तर गाडी वळवायला जागा मिळत नाही, मग रिव्हर्समध्ये चढ काढावा लागतो. खाली उतरण्याआधी पायी जाऊन शेवट बघून या.

त्यापेक्षा माणसाला विचारणं केव्हाही भरवशाचं, पण विचारायची रीत हवी. "हा रस्ता अमुक गावाला जातो का?" असं विचारलं की "हो, जातो" हेच उत्तर येतं, कारण ते खरं असतं, पायी जाणाऱ्याला तो जातोच. विचारा, "काल-परवा इथून काळीपिवळी गेली का? पिकअप भरून जाते का?" खालच्या भागात उत्तर अहिराणीत मिळेल, "पुढे रस्ता नही शे भाऊ," आणि त्यानंतर वाद घालायचं कारण नाही. वर पाड्यांवर पावरी, भिली बोलतात. तिथे एकाला विचारून निघण्यापेक्षा दोन ठिकाणी विचारा आणि उत्तरं जुळतात का बघा. बाजाराच्या दिवशी हे काम सोपं होतं, कारण त्या दिवशी आतल्या पाड्यांतून गाड्या नुकत्याच येऊन गेलेल्या असतात.

वेळेचा अंदाजही नकाशाचा धरू नका. ॲप कच्च्या रस्त्याचा ठरावीक वेग गृहीत धरतं. त्याला घाटातली वळणं, मधे बसलेली गुरं आणि समोरून आलेल्या ऊसाच्या ट्रॅक्टरला वाट देणं मोजता येत नाही. सेटिंगमध्ये "सगळ्यात कमी अंतराचा" मार्ग निवडला असेल तर ते अंतर वाचवायला तुम्हाला गाडवाटेवर घालू शकतं. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय असेल तर तो सुरू ठेवा, आणि कच्च्यात शिरायचंच असेल तिथे स्वतःच्या हाताने मार्गाचे टप्पे लावा.

ऊन, चार्जर आणि चुंबक

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. बंद काचेमागे डॅशबोर्डवर फोन त्याहून कितीतरी तापतो. आधी स्क्रीन अंधुक होते, मग चार्जिंग थांबतं, मग फोन स्वतःच बंद पडतो. फोन एसीच्या जाळीवर लावा, गडद कव्हर काढा. स्टिरिओच्या जुन्या यूएसबीवर फोन चालू नेव्हिगेशनमध्ये चार्ज होत नाही, हळूहळू उतरतच जातो. १२ व्होल्टच्या सॉकेटमधला चांगला चार्जर हवा. खड्ड्यांत केबल सैल होते, म्हणून टक्केवारीवर अधूनमधून नजर टाका. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत बॅटरी खातो. फ्लाइट मोड लावला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालूच राहतं.

चुंबकाच्या स्टँडची गंमत बघण्यासारखी आहे. गाडी फाट्यावर उभी करा. नकाशावरचा बाण हळूच डावीकडे वळतो, मग उजवीकडे, कधी चक्क मागे. उभ्या गाडीत दिशा फोनच्या आतला होकायंत्राचा सेन्सर सांगतो आणि तो बिचारा मागच्या चुंबकाकडे ओढला गेलेला असतो. गाडी चालायला लागली की जीपीएसवरून दिशा कळते आणि बाण सरळ होतो. म्हणून फाट्यावर उभं राहून बाणावर निर्णय घेऊ नका. पन्नास-शंभर मीटर पुढे जा, ठिपका रेषेवरून सरकतोय की लांब जातोय ते बघा. घाटातल्या एकावर एक वळणांत मात्र ॲप ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवतं आणि खालच्या रस्त्यावरची गाडी वरच्यावर दाखवतं. ऑसमअँडमध्ये हे चिकटवणं बंद करता येतं.

आलेली वाट नोंदवली नाही

डांबरी सोडताच ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा. परतीला नकाशा चुकीचा निघाला तरी आपल्याच चाकांची रेष खोटी नसते. फक्त बॅटरी सेव्हर ॲपला मागून बंद पाडतो, त्या ॲपपुरती सूट द्या. प्रत्येक फाट्यावर खूण टाका आणि ट्रिप मीटर शून्य करून कागदावर लिहा: "फाटा, डावीकडे मोहाचं झाड, समोर हापसा, उजवीकडे गेलो." फोन बंद पडला तर हाच कागद राहतो.

रस्ता चुकल्याचं लक्षात आलं की "अजून थोडं पुढे जाऊन बघू" हे म्हणायचं नाही. शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे या. अंधार पडायला तास उरला असेल तर पुढचा प्रश्नच नाही, मागे फिरा.

वनखात्याचा नाका

नकाशाला फाटक दिसत नाही. यावल अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वाट रेषेने दिसली तरी शिरायला परवानगी लागते, आणि नाका संध्याकाळी बंद होतो. जाण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

परदेशी व्हिडिओ बघून घेतलेलं उपग्रह यंत्र

परदेशातले गाडीवाले डॅशबोर्डवर उपग्रहाने संदेश पाठवणारं छोटं यंत्र लावतात. ते बघून इथे तसं काही मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. अशी यंत्रं घेऊन विमानतळावर उतरलेल्या परदेशी प्रवाशांवरही कारवाई झाली आहे. फक्त जागा दाखवणारं, संदेश न पाठवणारं साधं जीपीएस यंत्र मात्र वेगळी गोष्ट.

तुमच्या सिमची रेंज नसताना फोनवर "फक्त आणीबाणीचे कॉल" असं दिसलं, तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर पोहोचतोय. तिथून ११२ लागू शकतो. फ्लाइट मोड आधी काढा. दरीत काहीच दिसत नसेल तर डोंगराच्या धारेवर चढून बघा. आणि निघण्याआधी घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी एक कागद द्या: कोणत्या वाटेने जाणार, गाडीचा नंबर, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत धडगावहून फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. वाट बदलली तर शेवटची रेंज असेल तिथूनच तसा मेसेज टाका.