नव्या ट्रकचालकाने गाडीत काय ठेवावं

हत्यारांचा भलामोठा संच विकत घेऊन ट्रकवर चढणं ही नव्या चालकाची नेहमीची चूक. आजच्या इंजिनात रस्त्याच्या कडेला पाना चालवून सुटतील असे बिघाड फार थोडे. गाडी अडते ती बहुतेक वेळा टायर, ब्रेकची हवा, दिवे नाहीतर सैल झालेला माल यांच्यामुळे, आणि त्यासाठी लागणारं सामान एका पेटीत मावतं.

टायरची हवा आणि चाक

पहिली खरेदी हवेच्या गेजची. कारचं गेज चालत नाही. ट्रकच्या टायरात साधारण १०० ते १२० पीएसआय हवा असते, म्हणून १५० किंवा त्याहून जास्त दाखवणारं गेज हवं. तेही लांब दांडीचं आणि दोन दिशांना तोंडं असलेलं घ्या, नाहीतर जोडचाकातल्या (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांतल्या) आतल्या व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही. मग आतला टायर मोजायचाच राहून जातो, आणि नेमका तोच दगा देतो. जोडीतल्या एकाची हवा उतरली की सगळं वजन दुसऱ्यावर येतं. बाहेरून गाडी सरळ दिसते, पण आत दोन्ही टायर तापत असतात. हातोडी मारून आवाज ऐकायची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखायला ठीक आहे. ८० आणि ११० मधला फरक त्यातून कळत नाही.

हवा टायर थंड असतानाच मोजा. धावल्यावर दाब वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेचा सापडेल. ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी हवेवर टायर धावला असेल, म्हणजे ११० च्या जागी ८८ किंवा त्याखाली, तर जागेवर हवा भरून पुढे निघू नका. बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा आतून तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरताना ती भिंत स्फोटासारखी फाटते. असा टायर उतरवून तपासूनच घ्यायचा.

चाक बदलायला २० टनी बाटली जॅक, त्याखाली ठेवायला साधारण ३० सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर जाड कठीण लाकडाची फळी, आणि दोन भक्कम गुटके. फळी नसेल तर उन्हात मऊ झालेल्या डांबरात किंवा मातीत जॅक एका बाजूला कलतो. गुटके सपाटीवर जमिनीवर राहणाऱ्या एकाच चाकाच्या पुढेमागे लावा; उतारावर दोन्ही उताराच्या बाजूला. मागचं चाक उचललं की त्या चाकाचा पार्किंग ब्रेक गाडी धरत नाही, त्यामुळे ब्रेक ओढलाय म्हणून गुटका टाळता येत नाही.

नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा आणि आवळताना समोरासमोरचे घेत जा. किती आवळायचं याचा अंदाज असा: एक मीटर लांब दांडीच्या टोकाला ६० किलो वजन टाकलं की साधारण ५९० न्यूटन-मीटर होतात, आणि दहा नटांच्या चाकांना बहुधा त्याच्या आसपासच लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. दांडीवर उभं राहून उड्या मारल्या तर बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट पुढे सैल होतो किंवा तुटतो. बदललेलं चाक ५० ते १०० किलोमीटरवर पुन्हा आवळायचंच. नटाच्या बुडापासून गंजाची रेघ बाहेर आलेली दिसली तर तो नट सैल असल्याची शंका घ्या.

ब्रेकची हवा

इथे लागणाऱ्या वस्तू स्वस्त आणि इवल्याशा, पण नसल्या तर ट्रेलर जागचा हलत नाही. ट्रेलरला हवा नेणाऱ्या पाइपच्या कपलिंगचे रबरी सील चार, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, आणि आपल्या गाडीच्या एअर पाइपच्या मापाचे दोन-तीन जॉइंट. माप पाइपवरच छापलेलं असतं. ते आधीच लिहून ठेवा. फुसफुस ऐकू आली तर फवारा मारा, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. पाइप कापायचा तर धारदार सुरीने काटकोनात कापा. पकडीने तोडलेलं तोंड चपटं होतं, आणि जॉइंट पक्का बसलेला दिसूनही गळत राहतो. चिकटपट्टी गुंडाळून हवेची गळती थांबत नाही, त्या नादी लागू नका.

हवा फारच कमी झाली की स्प्रिंग ब्रेक (हवेच्या दाबाने मागे धरलेले, स्प्रिंगच्या जोराने लागणारे) आपोआप लागतात. ते सोडवायचा लांब बोल्ट बऱ्याचदा ब्रेक चेंबरच्या कडेलाच अडकवलेला असतो. तो कुठे आहे आणि त्याला कोणत्या मापाचा पाना लागतो हे पाहून तो पाना पेटीत ठेवा. गुटके लावल्याशिवाय हा बोल्ट फिरवायचा नाही, आणि ब्रेक असा सोडवलेली गाडी फक्त धोक्याच्या जागेवरून बाजूला घेण्यापुरतीच हलवायची. चेंबरचा पट्टा खोलायचा तर कधीच नाही. आतली स्प्रिंग माणूस मारण्याइतक्या ताकदीने सुटते.

दिवे आणि फ्यूज

आधी बॅटऱ्या बघा. बहुतेक जड ट्रक २४ व्होल्टवर चालतात, काही देशांत १२ वर. २४ च्या गाडीत १२ चा बल्ब लावला की लगेच उडतो, उलट केलं तर मिणमिणतो. ब्रेकचे, इंडिकेटरचे आणि पार्किंगचे प्रत्येकी दोन बल्ब आणि हेडलाइटचा एक पुरतो. ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेल्या बल्बच्या आत दोन तारा (फिलामेंट) असतात आणि त्याच्या खुंट्या वरखाली असतात. तो जोर लावून उलटा बसवला तर पार्किंगच्या जागी ब्रेकचा दिवा लागतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलेली काच तिथेच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

पात्याचे फ्यूज प्रत्येकी पाच ठेवा: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. १५ चा उडाला म्हणून २० चा लावणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळणं. त्याच मापाचा दुसराही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ट्रेलर असेल तर त्याचा प्लग काढून पुन्हा पाहा. काढल्यावर फ्यूज टिकला तर दोष ट्रेलरमध्ये. दिवे मधूनच जात असतील तर बल्ब बदलण्याआधी प्लगच्या पिना बघा. हिरवट थर चढलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने जातो. सोबत टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन टेप आणि केबल टाय.

माल बांधायचं सामान

पट्ट्यांच्या लेबलवर दोन आकडे असतात आणि नवा चालक मोठाच वाचतो. एलसी (पट्टीची ताकद) २५०० डेकान्यूटन (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा जोर) म्हणजे सरळ ओढीत पट्टी साधारण अडीच टन जोर सहन करते. पण मालावरून आडवी टाकून आवळता तेव्हा माल खाली दाबला जातो तो रॅचेटच्या ताणाने, म्हणजे एसटीएफने, आणि तो आकडा बहुधा ३०० ते ५०० च्याच घरात असतो. म्हणून दोन पट्ट्यांत भागेल असं वाटतं तिथे सहा लागतात. मालाखाली घसरण कमी करणाऱ्या रबरी चटया टाकल्या तर पट्ट्या कमी लागतात. धारदार कडांवर कोपरा-रक्षक हवेतच. काप गेलेली किंवा लेबल नसलेली पट्टी फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. निघाल्यावर अर्ध्या तासाने थांबून सगळ्या पुन्हा आवळा. तोवर माल बसलेला असतो.

हाताशी राहणारं

डोक्याला लावायचा दिवा (हातातल्या बॅटरीने एक हात अडकतो), हातमोज्यांचे दोन जोड, चमकदार जॅकेट, प्रथमोपचाराची पेटी, प्यायचं पाणी. जॅकेट सीटजवळ ठेवा. मागच्या पेटीत असेल तर ते आणायलाच जॅकेटाविना रस्त्यावर उतरावं लागतं. इशारा त्रिकोण तीन, आणि गाडी वळणानंतर बंद पडली तर एक वळणाच्या आधी. अग्निशामक पावडरचा असेल तर महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, धक्क्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते.

डिझेलचा एक जादा फिल्टर त्याच्या सीलसकट ठेवा आणि पाणी काढायची तोटी व हाताने दाबायचा पंप कुठे आहे ते पाहून घ्या. १०, १३, १७, १९ चे पाने, पक्कड आणि दोन स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर बाकीचं भागतं.

सुटी बाटली किंवा पाना पायाशी ठेवू नका, घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली जातो. इथरचा स्टार्टिंग स्प्रेही नको: इंजिनात हवा तापवायचा हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर तो आतल्या आत पेट घेतो.