थिनरच्या ड्रमचा धोका कसा तपासायचा?

बहुतेक कारखान्यांत जोखीम मूल्यमापन म्हणजे गेल्या वर्षीची फाइल काढून तारीख बदलणं. ती फाइल कपाटातच राहू द्या. टोल्युइन (रंग पातळ करणारं एक ज्वालाग्राही द्रावक) किंवा टोल्युइनचा थिनर वापरणारं रंगकामाचं छोटं युनिट डोळ्यासमोर धरू.

आधी यादी: काय, किती, कुठे. तिच्यात थिनरने भिजलेल्या चिंध्या, रिकामे ड्रम आणि ठेकेदाराच्या माणसांनी आणलेले डबेही येतात. मग एमएसडीएसचा, म्हणजे रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, नववा विभाग वाचा. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेट घेण्याइतकी वाफ सुटते ते) सुमारे ४ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने पेट घेण्याइतकी वाफ तयार. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. छतालगतच्या एक्झॉस्टवर विसंबू नका; गटारात, खड्ड्यात, केबलच्या चरीत बघा.

आता खरं अवघड काम: स्फोटक मिश्रण नेमकं कुठे तयार होतं हे ओळखणं. मलाही हे उमजायला वेळ लागला, कारण जो तो भरलेल्या ड्रमकडे बोट दाखवतो. घाबरायचं ते रिकाम्याला. टोल्युइनची वाफ हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के असली की एक ठिणगी पुरते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट होते की सहसा पेट घेण्याची वरची मर्यादा ओलांडून जाते, म्हणजे ती पेटतच नाही. टोल्युइनची मात्र २५-३० अंशांना बंद ड्रममध्ये चार-पाच टक्क्यांच्या आसपास थांबते, म्हणजे अगदी नको तिथे. २०० लिटरच्या ड्रममध्ये स्फोटक हवा व्हायला तळाशी उरलेले दोन चमचे बास! आणि हाच ड्रम कोणीतरी गॅस कटरने कापायला घेतो. ‘पाण्याने विसळलाय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, टोल्युइन पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

ठिणगी म्हणजे फक्त विडी आणि वेल्डिंग नव्हे. टोल्युइन वीज फारशी वाहू देत नाही, त्यामुळे ओततानाच त्यात स्थिर विद्युत साठते. म्हणून रात्रपाळीत, साहेब नसताना, ओतणाऱ्याच्या बाजूला उभे राहा. ड्रमला अर्थिंग आहे, पण ड्रम आणि कॅन तारेने एकमेकांना जोडलेत का? क्लिप उघड्या धातूवर आहे की रंगावर? खाली प्लास्टिकची बादली असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी ती बादली हटवा; प्लास्टिकला तार जोडून उपयोग नाही.

एलईएल म्हणजे वाफ पेट घेण्याची खालची मर्यादा, टोल्युइनसाठी वरचे १.१ टक्के; हवेतली वाफ या मर्यादेच्या किती टक्के आहे ते एलईएल मीटर दाखवतो. त्याचा एक चकवा सांगतो. मीटर १ टक्का दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण टोल्युइनच्या बाबतीत १ टक्का एलईएल म्हणजे सुमारे ११० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ११० भाग). २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीतली आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम होती. स्फोट होणार नाही, कामगाराचं डोकं मात्र गरगरू शकतं. दोन्ही धोके वेगळे लिहा.

धोक्याला गुण (शक्यता गुणिले परिणाम) सगळ्यात शेवटी द्या. ‘शक्यता १, परिणाम ५, गुणाकार ५, धोका कमी’ असल्या हिशोबावर मी सही करत नाही. परिणाम ५ असेल तर शक्यता काहीही असो, उपाय लागतोच. परिणाम मोजताना कुंपणाबाहेरही बघा. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेल्या स्फोटांनी आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फोडल्या होत्या.

उपायांत पहिला प्रश्न: टोल्युइनशिवाय भागेल का? नाही तर हाताने ओतणं बंद करून बंदिस्त पंप, मग जमिनीलगत हवा खेचणारा फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा) एक्झॉस्ट. रिकाम्या ड्रमची बुचं घट्ट लावून ते भरलेल्यांच्याच गोदामात ठेवा, आणि कापायला कोणालाच देऊ नका.