'प्री-लाँच' बुकिंगचं टोकन देण्याआधी

"आत्ता टोकन द्या, लाँच झाल्यावर भाव वाढेल" असं एजंट म्हणाला, की आधी हे तपासा.

१. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. शंका वाटली तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक स्वतः टाका.

२. नोंदणी नसेल तर टोकन, 'ईओआय' (खरेदीत रस असल्याचं दाखवायला घेतली जाणारी रक्कम), काहीच देऊ नका, "रिफंडेबल आहे" म्हणाले तरी. नोंदणीआधी जाहिरात आणि बुकिंग या दोन्हींना रेरा कायद्याच्या कलम ३ ची मनाई आहे.

३. नोंदणी सापडली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. खरी फसगत इथेच होते: मंजुरी १२ मजल्यांची आणि विकला जातो १८ वा, किंवा नोंदणी 'ए' विंगची आणि फ्लॅट 'सी' मधला. विंग, मंजूर मजले, पूर्णत्वाची तारीख महारेरावरच्या प्रकल्पाच्या पानावर जुळवा.

४. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रोख मागितली तर विषय संपला.

खबरदारी: ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. तिथे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि मंजूर नकाशा वकिलाला दाखवूनच पुढे जा.