कोंडीत तापणारी जुनी कॅम्पर व्हॅन: दोष नेमका कसा शोधावा

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मोकळ्या महामार्गावर गाडी बिनतक्रार धावते, पण टोलनाक्यावर किंवा शहराच्या तोंडाशी कोंडीत अडकली, की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. अशी गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर आपोआप उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकण्याचा किंवा नवा रेडिएटर बसवण्याचा सल्ला मिळतो. तो मानण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करून घ्यावी: रस्ता मोकळा होऊन गाडीने वेग घेतला, की काटा आपोआप खाली येतो का? येत असेल, तर पाण्याचे अभिसरण आणि रेडिएटरच्या आतल्या नळ्या बऱ्यापैकी शाबूत आहेत असे मानण्यास हरकत नाही. मग दोष प्रथम हवेच्या बाजूला शोधावा. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तर उभ्या गाडीत ते सगळे काम एकट्या फॅनला करावे लागते आणि त्याची दुबळी बाजू तिथेच उघडी पडते. उलट वेगात किंवा चढावर काटा चढत असेल, तर आतून तुंबलेला रेडिएटर, कमी पाणी किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांकडे आधी पाहावे. बोरघाटातली कोंडी मात्र या निदानासाठी निरुपयोगी, कारण तिथे चढाचा भार आणि वाऱ्याचा अभाव एकत्र येतात. चाचणी नेहमी सपाटीवर करावी.

सुरुवात थंड इंजिनावर करावी. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. टोपणाच्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि साधारण १ बार दाबाला तो १२० अंशांच्या आसपास जातो. टोपण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते. इथेच टोपणाचीही परीक्षा करून घ्यावी. त्याचे रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर पाणी शंभरीच्या जवळच उकळू लागते आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो. नवे टोपण त्यावर छापलेल्या मूळ दाबाचेच घ्यावे. जास्त दाबाचे टोपण जुन्या रबरी होज पाइपांना फोडते. पाण्याची पातळी आणि इंजिनाच्या पट्ट्याचा (बेल्टचा) ताण याच वेळी पाहून घ्यावा. ढिला पट्टा घसरतो, आणि पाण्याचा पंप व फॅन त्याच पट्ट्यावर असतील तर दोन्ही मंदावतात.

यानंतर गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करून एसी बंद ठेवून इंजिन चालू करावे आणि अर्धा-पाऊण तास आयडलिंगला (रेस न देता) राहू द्यावे. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असावा, कारण जुन्या गाडीचा काटा पुष्कळदा खोटे बोलतो: अर्थिंग खराब असेल, तर हेडलाइट लावताच तो वर जातो. थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान मोजून काट्याशी ताडून पाहावे. थर्मोस्टॅट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होज पाइपचे तापमान मोजावे. दोन्ही जवळजवळ सारखेच तापलेले असतील, तर पाणी फिरते आहे, पण त्यातली उष्णता हवेत जात नाही, म्हणजे दोष हवेचा आहे. वरचा कढत आणि खालचा बराच थंड असेल, तर पाणीच संथ वाहते आहे, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट किंवा नळ्या संशयित ठरतात.

फॅनची तपासणी घाईत उरकू नये, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. फॅनला व्हिस्कस कपलिंग (तापल्यावरच फॅनला इंजिनाशी घट्ट जोडणारा तेलभरला जोड) असेल, तर त्याच्या आवाजाकडे कान द्यावा. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर फॅन काही क्षण घोंघावतो आणि मग शांत होतो. हे ठीक आहे. पण इंजिन तापून काटा वर चढत असतानाही तो घोंघाट परत आला नाही, तर कपलिंग निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, गरम स्थितीतच पाते हाताने फिरवून पाहावे. त्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. ते सैल गरगरत राहिले तर आतले सिलिकॉन तेल गळून गेलेले असते. कपलिंगच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे पसरलेल्या, धूळ चिकटलेल्या तेलकट रेषा दिसल्या, तर आणखी पुराव्याची गरज नाही. फिरत्या फॅनमध्ये गुंडाळलेले वर्तमानपत्र घालून पाहण्याची जी चाल काही मेकॅनिक दाखवतात, ती करू नये. विजेचा फॅन असेल तर फ्यूज, रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच) आणि थर्मोस्विच (पाणी तापल्यावर फॅन सुरू करणारा स्विच) क्रमाने पाहावेत, आणि हे लक्षात ठेवावे की तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. वायरिंगची डागडुजी झालेल्या गाडीत तो उलटा फिरत नाही ना, हेही पाहावे. त्यासाठी पुढच्या जाळीला एक कागद लावावा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

फॅन ठणठणीत असूनही कागद नीट चिकटत नसेल, तर हवेची वाट तपासावी. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोर बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली बोटभर फट हे या दुखण्याचे आवडते ठिकाण आहे. समोरून कंडेन्सर चकचकीत दिसतो आणि मागे धूळ, किडे व गवताचे तूस यांची गादी बसलेली असते. टॉर्चचा झोत वरून आत टाकून पाहिल्याखेरीज ती दिसत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने सोडावे. प्रेशर वॉशरने रेडिएटरची पातळ पाती (फिन्स) मुडपतात. फॅनभोवतीचा श्राउड (हवा पूर्ण रेडिएटरमधून ओढायला लावणारे आवरण) जागेवर आहे का, हेही बघावे. मागच्या कुठल्याशा कामात तो काढलेला असतो आणि परत बसवायचा राहिलेला असतो. श्राउड नसेल, तर फॅन फक्त आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा जात नाही. रेडिएटरच्या कडांचे रबर किंवा फोम झडले असेल, तर उभ्या गाडीत फॅनने मागे फेकलेली गरम हवा त्या फटींतून वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि तीच परत आत ओढली जाते. धावत्या गाडीत समोरचा वारा हा वळसा मोडून काढतो, म्हणून महामार्गावर या दोषाचा सुगावाही लागत नाही. कॅम्परमध्ये भर म्हणून पुढच्या जाळीवर जादा दिव्यांची पट्टी, सायकलचा स्टँड किंवा स्टेपनी लावलेली असते. चाचणीपुरती ती उतरवून फरक पाहावा.

हे सगळे पार पडल्यावर एसी लावून तीच चाचणी पुन्हा करावी. फक्त आताच काटा चढत असेल, तर मूळ रेडिएटर व फॅन वाढलेला भार पेलायला कमी पडत आहेत, किंवा कंडेन्सरचा विजेचा फॅन बंद आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात नेणारी) वाट बंद करतो. तो काढल्यास बरेच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत जाते आणि इंजिन अधिकच तापते. शंका असल्यास तो काढून पाण्याच्या भांड्यात तापवावा आणि त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडतो का ते पाहावे. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेल्या गाडीत क्षार साचलेले असतात आणि पंपाची पातीही गंजून झिजलेली असू शकतात. आतली यंत्रणा साफ केल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे निम्मेनिम मिश्रण भरावे.

हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय केवळ कोंडीतल्या तापण्यावरून घेऊ नये. पण थंड इंजिन सुरू करताच मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गळती न दिसता पाणी कमी होत राहणे किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसणे, यांपैकी काही आढळले तर पुढच्या चाचण्या थांबवून गाडी टो करून न्यावी.

तोपर्यंत कोंडीत अडकण्याची वेळ आलीच, तर एसी बंद करून केबिनचा हीटर पूर्ण सोडावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस दीड हजार फेऱ्यांच्या आसपास धरावी. तरीही काटा लाल पट्ट्याकडे सरकत राहिला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, आणि वरचा होज हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत टोपणाला हात लावू नये.