पांढरा गुलाब ‘गुलाबी झाला’? या चुका टाळा

दर हंगामात कुणी ना कुणी फोटो पाठवतंच. खाली एक ओळ: ‘माझा पांढरा गुलाब गुलाबी झाला, कुठलं औषध मारू?’ फोटो मोठा करून बघावा, तर बुडातून सरळसोट वर गेलेली डोक्याएवढी उंच काठी आणि तिच्या शेंड्याला बारक्या फुलांचा घोस. शेजारी मूळचा पांढरा गुलाब दोन काड्यांवर कसाबसा जीव धरून. औषध कुठलं मारणार, कप्पाळ!

फुलाचा रंग बदललेलाच नसतो. हायब्रीड टीचं, म्हणजे एका दांड्यावर एकच मोठं फूल देणाऱ्या गुलाबाचं, विकत आणलेलं रोप म्हणजे बहुतेक वेळा एकावर एक बसवलेली दोन झाडं. खाली काटक जंगली खुंट, वर त्यावर डोळा भरलेली, म्हणजे कळीचा तुकडा बसवून जोडलेली, तुमची जात. जोडाच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं. मुळं त्याचीच असल्यामुळे ते दणकून वाढतं आणि वरच्याला उपाशी ठेवतं.

हे मी तावातावाने सांगतोय, पण माझी पहिली ‘पास्काली’ मी अशीच घालवली. बेल्जियमचे गुलाब-पैदासकार लेन्स यांनी १९६३ साली आणलेली ही जात, पांढऱ्यांमध्ये पावसाला त्यातल्या त्यात दाद न देणारी. तिसऱ्या वर्षी बुडातून एक फुटवा आला. काय जोम! मी हरखून त्याला बांबूचा आधार दिला, द्रवखत पाजलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. फुलं आली ती नखाएवढी, फिक्कट गुलाबी, एकेका घोसात वीस-पंचवीस. मग चिडून सिकेटर (छाटणीची कात्री) घेतला आणि काठी मातीलगत छाटून टाकली. ही दुसरी घोडचूक. बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून महिन्याभरात चार फुटवे आले. तेही छाटले. पुढच्या छाटणीच्या वेळी पास्कालीची एकच काडी हिरवी होती, आणि तीसुद्धा अर्धी काळवंडलेली.

खुंटाचा फुटवा छाटायचा नसतो, उपटायचा असतो. बुडाची माती उकरा, तो मुळापासून नेमका कुठे निघालाय ते बघा आणि जाड हातमोजे घालून खाली हिसका देऊन ओढा. टाचेसकट, म्हणजे बुडाच्या गाठीसकट, निघाला पाहिजे. पेन्सिलीएवढा असताना हे सहज जमतं, अंगठ्याएवढा झाला की झाडच हलतं. म्हणून मी पाणी घालताना दर वेळी बुडाकडे नजर टाकतो. खर्च शून्य.

आणि ती ‘पाच पानांची फांदी चांगली, सात पानांची जंगली’ ही कसोटी कृपा करून विसरा. चांगल्या जोमातल्या हायब्रीड टीलाही सात पर्णिकांची (एका देठावरच्या सात छोट्या पानांची) पानं येतात. या कसोटीपायी लोकांनी जोडाच्या वरून निघालेले जाडजूड तांबूस कोंब मोडल्याचं मी पाहिलंय. तो कोंब म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांची फांदी! कोंब कुठून निघाला एवढंच बघायचं: जोडाच्या वरून की खालून. त्यासाठी जोड दिसायला हवा. उष्ण हवामानात तो मातीच्या वरच ठेवा. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात तो दोन-तीन इंच मातीखाली पुरतात, तिथे उकरण्याला पर्याय नाही.

आता पाकळ्यांवरचे डाग. लाल गुलाबावर खपून जाणारी प्रत्येक गोष्ट पांढऱ्यावर चव्हाट्यावर येते आणि लोक थेट फवारणीचा पंप उचलतात. आधी डाग कसला ते तरी बघा.

गुलाबी ठिपके, किंवा मध्ये फिक्कट आणि कडेने गुलाबी अशी बारीक वर्तुळं दिसली तर ती करड्या बुरशीची सुरुवात. ओलावा आणि कोंडलेली हवा मिळाली की ही बुरशी फोफावते. दोन दिवसांनी तीच पाकळी तपकिरी, लिबलिबीत होते. पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी आणि कळी वाकडीतिकडी उमलत असेल तर फुलकिडे. फूल कागदावर झटका. मिलिमीटरभर लांबीचे, फिक्कट पिवळे-तपकिरी, सुईच्या टोकासारखे जीव चालताना दिसतील. फिक्या रंगाची फुलं त्यांना फार आवडतात, म्हणून शेजारचा लाल गुलाब सुटतो आणि पांढरा सापडतो.

फुलकिडा कळीला रंग दिसू लागतानाच आत शिरतो. उमललेल्या फुलावर वरून औषध मारलं की तो पाकळ्यांच्या बेचक्यात सुखरूप राहतो आणि मरतात मधमाश्या. माझी सवय अशी: डाग कुठलाही असो, ते फूल आणि सुकलेली सगळी फुलं कापून पिशवीत बंद करून बाहेर टाकायची. कंपोस्टमध्ये नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. झाडाच्या मधल्या बारीक, एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढायच्या म्हणजे वारा खेळतो. फुलकिड्यांसाठी कळ्यांच्या उंचीवर निळे चिकट सापळे लावतो. त्याने कीड संपत नाही, पण आली आहे हे वेळेत कळतं. एवढं करूनही फवारायचंच असेल तर हिरव्या कळीवर, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. एकदा मी घाईने ऐन फुलांवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलं होतं. बुरशी राहिली बाजूला, सगळ्या पांढऱ्या पाकळ्यांवर निळसर शिंतोडे.

आणखी एक: सगळी गुलाबी छटा रोग नसते. १९७८ची ‘प्रिस्टीन’ मुळातच पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक घेऊन येते. गारव्यात इतर काही पांढऱ्या जातींनाही ती चढते. त्यावर उपाय विचारू नका, बघत बसा.

कळी टपोरी होते आणि न उमलताच तपकिरी गोळा होऊन गळते? बाहेरच्या पाकळ्या भिजून, सुकून एकमेकींना चिकटतात. ‘जॉन एफ. केनेडी’सारख्या भरगच्च पाकळ्यांच्या जातीला हा त्रास जास्त. सकाळचं ऊन लवकर पोचेल अशी जागा द्या. कळी आतून कुजली नसेल तर मी वरच्या दोन पाकळ्या हलकेच सोलतो, पुष्कळदा उमलते.

संध्याकाळी झाडाला वरून आंघोळ घालू नका. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं मिळालं की पुरतं, आणि रात्र त्याहून मोठी असते. भुरीला (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला) मात्र ओलं पान लागत नाही, तेव्हा ‘मी पाणी बुडाशीच देतो तरी भुरी कशी’ असं म्हणून हवालदिल होऊ नका.

सहा तास ऊन नसेल तर हायब्रीड टी लावू नका.

‘आइसबर्ग’ला एका दांड्यावर एकच मोठं फूल का येत नाही? कारण ती हायब्रीड टी नाही. जर्मन पैदासकार कोर्डेसची १९५८ची फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणाऱ्या गटातली, आहे.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तेही कोवळ्या पानांवर, तर लोहाची कमतरता. बहुधा माती चुनखडीची असते. गुलाबाला मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५ मानवतो. इथे लोक एप्सम सॉल्ट ओततात. ते मॅग्नेशियम सल्फेट, त्यात लोह नावालाही नाही. ही मूठमूठ पांढरी पूड सगळ्या रोगांवर रामबाण असल्याचं कुणी पसरवलं कोण जाणे.

त्याच जातीचा दुसरा उद्योग म्हणजे बटाट्यात काडी खोचून गुलाब उगवणं. बटाटा कुजतो, बरोबर काडीही. ज्यांना दहा दिवसांत झाड हवंय त्यांनी बटाटेच लावावेत.

पहिल्या वर्षीच हातभर देठाची फुलं कापू नका. त्या देठावरची पानं म्हणजे रोपाचं जेवण. मी पहिल्या हंगामात आखूड देठ ठेवून फूल काढतो, दोन-तीनपेक्षा जास्त पानं देठासोबत कापत नाही.

छाटणीनंतर फूल यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. विसाव्या दिवशी ‘अजून कळी नाही’ म्हणून युरिया टाकणाऱ्यांना पानंच पानं मिळतात, आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा. पंचेचाळिसाव्या दिवशीही काही नसेल तर जरूर विचारा. मात्र फोटो शेंड्याचा नको, माती उकरून बुडाचा पाठवा.