गावात काम करणाऱ्या मुलींनी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा

बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या मुलींचे अर्ज तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि एक गोष्ट मला दरवर्षी बोचते. जिने गावात किंवा वस्तीत खरोखर काम उभे केलेले असते, तिच्याच अर्जात ‘समाजसेवेची आवड आहे’ एवढी एकच ओळ असते. तिच्या खटपटीला घरीदारी कोणी काम म्हटलेले नसते, त्यामुळे ते लिहिण्याजोगे आहे हेच तिला ठाऊक नसते. तो रकाना कसा भरावा हे मला सांगायचे आहे. मात्र त्याआधी हक्काची मदत पदरात पाडून घ्यावी.

महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (म्हणजे शासनाच्या सामायिक गुणवत्ता यादीतून, ‘कॅप’मधून) प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः भरलेल्या जागांवरील, प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही, म्हणून त्या वाटेने जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तंत्रशिक्षणाच्या पदविकेला किंवा पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. तिच्यात वर्षाला ५० हजार रुपये मिळतात आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो. दोन सरकारी योजना एकत्र घेता येतात का, हे अर्ज करण्यापूर्वी नियमावलीत पाहावे. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, तर शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे.

कागदपत्रांसाठी निकालाची वाट पाहू नये. उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिल-मेमध्येच काढावा, कारण जूननंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावीतच करावा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले असे अनेक घरांत समजतात. प्रत्यक्षात ते जोडले गेले आहे का, हे शाखेत विचारून खात्री करून घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. पुण्यात १९९५ साली सुरू झालेल्या लीला पूनावाला फाउंडेशनसारख्या मुलींसाठी काम करणाऱ्या खासगी संस्थांकडे अर्ज करताना गुणपत्रिकेबरोबर मुलगी स्वतःबद्दल काय सांगते यालाही वजन असते. एका मुलीने आधी लिहिले होते, ‘मी गावातील मुलींना शिक्षणासाठी मदत केली.’ तिला समोर बसवून विचारत गेले, तेव्हा कळले की सकाळची एसटी कॉलेज सुरू झाल्यावर पोहोचत असे, म्हणून तीन मुली घरी बसण्याच्या बेतात होत्या. हिने घरोघरी जाऊन ३१ सह्या गोळा केल्या, ग्रामसभेत उभे राहून विषय मांडला, सरपंचांचे पत्र घेऊन आगारात दोन खेपा घातल्या आणि पाच आठवड्यांनी गाडी चाळीस मिनिटे अलीकडे आली. आम्ही तेच जसेच्या तसे लिहिले. अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केले, कोणी विरोध केला आणि शेवटी काय बदलले, या क्रमाने लिहावे. ‘आम्ही’ या शब्दाआड लपू नये. चौघींनी मिळून केले असेल तर चौघींचा उल्लेख करून आपला वाटा वेगळा सांगावा. आकडे मात्र फुगवू नयेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. घरात धाकट्या भावंडांना सांभाळून, शेतात राबून हे केले असेल तर तेही लिहावे. ती सहानुभूतीची मागणी नसून तुमच्या वेळेचा खरा हिशेब आहे.

पुरावा लहान असला तरी चालतो. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, सह्यांच्या कागदाचा फोटो, अंगणवाडी सेविकेचे किंवा बचत गटाच्या अध्यक्षांचे दोन ओळींचे पत्र, हे सगळे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावे. महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावे. तेथे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र पुढील अर्जांत उपयोगी पडते. शिफारसपत्र मागताना शिक्षकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या कामाची एक पानभर टिपणे आणि अर्जाची अंतिम तारीख त्यांना किमान पंधरा दिवस आधी द्यावी.

मुलाखत मराठीतून देता येते का, हे आधीच विचारून घ्यावे आणि येत असेल तर निःसंकोचपणे मराठीतच बोलावे. शिष्यवृत्ती मिळाल्यावरही दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी निकालाची प्रत आणि उपस्थितीचा दाखला सत्र संपताच महाविद्यालयाच्या कार्यालयातून घेऊन त्याच फाइलमध्ये ठेवावा.