वलंदेज आणि इंग्रज: लिहिताना या चुका टाळा

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ३१ डिसेंबर १६०० ची, वलंदेजांची म्हणजे डचांची मार्च १६०२ ची. म्हणून इंग्रजच वरचढ, असं धरून बरेचजण लिहायला बसतात. पुढे राज्य इंग्रजांचं आलं, हे माहीत असल्याचा हा परिणाम. सुरुवातीला वलंदेजांचं भांडवल इंग्रजांच्या पहिल्या सफरीच्या जवळपास दसपट होतं. शिवाय इंग्रज प्रत्येक सफरीला पैसा गोळा करायचे आणि माल विकला की वाटून टाकायचे. वलंदेजांचा पैसा धंद्यातच राहायचा.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे ‘रून बेट देऊन मॅनहॅटन घेतलं’. गोष्ट झकास आहे, नाही असं नाही. पुरणात आपण चिमूटभर किसून घालतो ते जायफळ तेव्हा फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकायचं आणि रून त्यांतलंच एक. पण दोघांच्या १६६७ च्या ब्रेडा तहात अशी अदलाबदल झालीच नाही. ज्याच्या हाती जे आहे ते त्याच्याकडेच राहावं, इतकंच ठरलं. मॅनहॅटनवरचं वलंदेजांचं न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे पुढचं न्यूयॉर्क, इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतलं होतं, रून वलंदेजांकडे होतं. तेही कायमचं मिटलं नाही: १६७३ मध्ये वलंदेजांनी न्यूयॉर्क परत घेतलं आणि १६७४ मध्ये सोडलं. आणि या सगळ्यात बांदाचे लोक कुठे आहेत? १६२१ मध्ये वलंदेज कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कूनने ती बेटं जवळजवळ ओस पाडली. हे न लिहिता जायफळाची गंमत सांगणं मला तरी जमत नाही.

अंबोइना (आजच्या इंडोनेशियातलं अंबोन बेट), १६२३. तिथले इंग्रज वलंदेजांनी ‘लढाईत मारले’ असं लिहू नका. वलंदेजांनी छळ करून कबुलीजबाब घेतले आणि खटला चालवून शिरच्छेद केले: दहा इंग्रज, नऊ जपानी, एक पोर्तुगीज. १६१९ च्या करारानुसार दोन्ही कंपन्या तेव्हा कागदोपत्री भागीदार होत्या! ‘त्यानंतर इंग्रज भारताकडे वळले’ हे वाक्यही तपासा. सुरतेची वखार आधीचीच, आणि जावा बेटावरच्या बांतम बंदरातली वखार त्यांनी १६८२ पर्यंत सोडली नाही.

शेवटची चूक आपल्या दाराशी. हे भांडण दूरच्या बेटांपुरतं नव्हतं. वेंगुर्ल्यात वलंदेजांची वखार होती, आणि १६७३ मध्ये त्यांचं आरमार थेट इंग्रजांच्या मुंबईसमोर येऊन उभं राहिलं. तिथला इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने बंदोबस्त चोख ठेवला होता. हल्ला न करताच ते निघून गेलं.